कासा दे पिलातोस: सेव्हिलच्या सरदारी वाड्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या या एका वाड्याबद्दल मी बरीच वर्षे लिहितो-बोलतो आहे. त्यावर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात: काही जाऊन आलेल्यांचे, काही तिकीट काढून बसलेल्यांचे, काही वास्तुकला शिकणाऱ्या मुलामुलींचे. ते इथे एकत्र केले आहेत, सोपे आधी आणि गुंत्याचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कासा दे पिलातोस म्हणजे नेमके काय, आणि ते कुठे आहे?

सेव्हिलच्या जुन्या भागात पूर्वेच्या अंगाला, जिथे पूर्वी गावकुसाचा कार्मोना दरवाजा होता, त्याच्या जवळ हा वाडा आहे. कॅथेड्रलपासून रमतगमत चालले तरी पंधरा मिनिटांत पोचता येते. १४८३ साली काम सुरू झाले आणि पुढची सव्वाशे वर्षे एन्रिकेस दे रिबेरा हे एकच घराणे त्यात भर घालत राहिले. आंदालुसिया प्रांतातल्या सरदारी घरांमध्ये यापेक्षा सुंदर घर मी पाहिलेले नाही.

‘कासा’ म्हणजे घर. राजवाडा हा शब्द त्याच्या नावात नाही, आणि मीही त्याला वाडाच म्हणतो. रस्त्याकडे उंच, मुकी भिंत आणि एक भक्कम दरवाजा. आत गेल्यावर घोड्यांवरून आणि गाड्यांमधून उतरण्याचे अंगण. त्यापुढे मुख्य चौक. चौकाभोवती दालने आणि दोन बाजूंना दोन बागा. घराचे तोंड आतल्या बाजूला आहे. वाड्यात वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

२. नावात पिलात कसा आला? येशूला शिक्षा सुनावणाऱ्या पंतय पिलात या रोमन सुभेदाराच्या घराची ही नक्कल आहे का?

नाही. ही नक्कल असल्याची समजूत जुनी आहे आणि वाटाडेही ती आवडीने सांगतात, पण ती खरी नाही. जेरुसलेममध्ये त्या काळच्या यात्रेकरूला नक्कल करता येईल असे पिलाताचे घर उभेच नव्हते. यात्रेकरूंना परंपरेने मानलेली एक जागा दाखवली जाई, एवढेच.

नावाचा उगम एका मिरवणुकीत आहे. वाड्याचा दुसरा धनी फाद्रिके १५२० साली जेरुसलेमची यात्रा करून परतला (यात्रेसाठी प्रश्न ५ पाहा). परंपरा सांगते, की पुढच्याच वर्षी त्याने क्रूसाच्या वाटेची उपासना सुरू केली. येशूला शिक्षा सुनावली गेली तिथपासून त्याला क्रूसावर चढवले तिथपर्यंतचा मार्ग प्रार्थना म्हणत चालायचा, आणि त्याचा आरंभ या वाड्यापासून करायचा. आता मिरवणुकीतला पहिला थांबा म्हणजे पिलाताचा न्यायनिवाडा. तो थांबा या घराशी, म्हणून लोकांच्या तोंडी हे पिलाताचे घर झाले. मग कल्पनेने जोर धरला आणि आतल्या दालनांनाही त्याच कथेतली नावे पडली: न्यायसभेचे दालन, न्यायाधीशांच्या विश्रांतीची खोली, फटक्यांच्या शिक्षेचे प्रार्थनाघर. ही नावे बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत, हे ध्यानात ठेवून ती वाचावीत.

३. वाडा बांधला कोणी?

पेद्रो एन्रिकेस आणि त्याची पत्नी कातालिना दे रिबेरा यांनी. दोघांची नावे घेतो, कारण दरवाजावरच्या लेखात दोघांची आहेत आणि पुष्कळ ठिकाणी कातालिनाचे नाव गळते.

पेद्रो हा कॅस्टिल या तेव्हाच्या स्पॅनिश राज्याच्या आरमारप्रमुखाचा मुलगा आणि आरागॉनचा राजा फर्डिनंड याचा सावत्र मामा. आंदालुसियाचा ‘आदेलांतादो मायोर’, म्हणजे सरहद्दीवरच्या मुलखाचा राजाने नेमलेला प्रमुख अधिकारी, हे पद त्याच्याकडे आले ते सासरकडून. त्याची पहिली बायको बेआत्रिस ही रिबेरा घराण्याची वारस होती. ती वारल्यावर त्याने तिच्याच बहिणीशी, कातालिनाशी, लग्न केले. ग्रानादा हे स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य पडले त्या १४९२ सालीच, मोहिमेवरून परतताना वाटेत पेद्रो वारला.

पुढची तेरा वर्षे कारभार कातालिनाने पाहिला. वाड्याचे काम तिने चालू ठेवले, आजूबाजूची घरे विकत घेऊन जागा वाढवली, धाकट्या मुलासाठी १४९६ मध्ये दुसरा वाडा खरेदी केला (प्रश्न १६ पाहा), आणि १५०० साली गरीब आजारी बायकांसाठी पाच जखमांचे रुग्णालय स्थापन केले. त्या रुग्णालयाची पुढे उभी राहिलेली प्रचंड इमारत आज आंदालुसियाचे विधिमंडळ आहे. १५०५ मध्ये ती वारली. मुलाच्या यात्रेची आणि संगमरवराची गोष्ट रंगतदार आहे म्हणून सगळे तिकडे धावतात, पण वाड्याची जागा, पाणी, भिंती आणि पैसा हे आईचे काम होते.

४. शहराच्या इतक्या मोक्याच्या ठिकाणी एवढी जागा मिळाली कशी?

या उत्तराने अनेकांना अस्वस्थ वाटते, पण ते टाळता येत नाही. सेव्हिलमध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणारे, न्यायालय १४८० च्या सुमारास बसले आणि १४८१ मध्ये माणसे जाळण्याच्या शिक्षा सुरू झाल्या. मुख्यतः ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर ‘तुम्ही मनातून ज्यूच आहात’ असा आरोप ठेवला जाई, आणि दोषी ठरलेल्याची मालमत्ता जप्त होई. पेद्रो आणि कातालिना यांनी १४८३ मध्ये विकत घेतलेली मूळ घरे अशा जप्तीतली होती. चौकात उभे राहून महिरपी पाहताना हे आठवले पाहिजे असे मला वाटते.

गोव्याच्या वाचकांसाठी: गोव्यात १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन पोर्तुगीज. हे त्याच्या कितीतरी आधीचे, कॅस्टिलच्या राज्यातले.

जागेची दुसरी किंमत पाण्यात होती. रोमन काळापासूनचा आणि ११७२ च्या सुमारास अल्मोहाद या मुस्लिम राज्यकर्त्यांनी पुन्हा चालू केलेला पाणीमार्ग अल्काला दे ग्वादाइराहून येऊन कार्मोना दरवाजापाशीच शहरात शिरत असे. घरात वाहते पाणी घेण्याचा हक्क मोजक्यांनाच होता. तो या वाड्याला मिळाला, म्हणून दोन बागा आणि कारंजी शक्य झाली. धाकट्या बागेतला हौद हे पाणी साठवण्यासाठीच होता.

५. फाद्रिकेच्या जेरुसलेम यात्रेचे एवढे महत्त्व का?

कारण त्या यात्रेने वाड्याचा चेहराच बदलला. फाद्रिके एन्रिकेस दे रिबेरा हा कातालिनाचा थोरला मुलगा, तारिफाचा पहिला मार्क्विस. नोव्हेंबर १५१८ मध्ये तो आपल्या बोर्नोस गावाहून निघाला, इटलीतून व्हेनिसला आणि तिथून समुद्रमार्गे गेला. ४ ऑगस्ट १५१९ रोजी जेरुसलेममध्ये पोचला आणि ऑक्टोबर १५२० मध्ये सेव्हिलला परतला. कवी आणि संगीतकार हुआन देल एन्सिना त्याच्याबरोबर होता. पन्नाशीच्या सुमारास पुरोहिताची दीक्षा घेतलेल्या एन्सिनाने आपली पहिली मिस्सा, म्हणजे चर्चचा मुख्य प्रार्थनाविधी, जेरुसलेममध्येच केली.

धर्मासाठी निघालेल्या या माणसाचे डोळे उघडले ते इटलीत. सेव्हिलमध्ये श्रीमंतांची घरे तोवर विटांची, चुन्याची, लाकडाची आणि कौलांची होती. जेनोआत त्याने संगमरवराची घरे आणि पुतळे पाहिले, आणि परतीच्या वाटेवरच आईवडिलांच्या समाध्या तिथल्या दोन शिल्पकारांकडे करायला टाकल्या: वडिलांची आंतोनियो मारिया आप्रिलेकडे, आईची पाचे गाजिनीकडे. मग खांब, कारंजे, दरवाजा असा मालच जेनोआहून जहाजाने येऊ लागला. १५३९ मध्ये तो वारला तोवर वाडा आज दिसतो तसा बराचसा झाला होता.

६. दरवाजावर काय लिहिले आहे?

आत शिरण्याआधी पाच मिनिटे इथे द्या. हा संगमरवरी दरवाजा रोमन विजयकमानीच्या धर्तीवर आहे. १५२९ मध्ये आप्रिलेच्या कार्यशाळेला त्याचे काम दिले आणि १५३३ मध्ये तो बसवला. वरच्या पट्टीवर लॅटिनमध्ये स्तोत्रातले वचन आहे: प्रभूने घर बांधले नाही तर बांधणाऱ्यांचे श्रम व्यर्थ. त्याखाली स्पॅनिशमध्ये घराचा इतिहास एका वाक्यात. हे घर पेद्रो एन्रिकेस आणि त्यांची पत्नी कातालिना दे रिबेरा यांनी बांधवले, आणि हा दरवाजा त्यांचा मुलगा फाद्रिके याने करवला.

मुलाने स्वतःच्या नावावर फक्त दरवाजा घेतला आहे. तोवर आतले अर्धेअधिक घर त्याने नव्याने केले होते, तरी घर आईवडिलांचेच. शेजारी जेरुसलेमचे क्रूस कोरले आहेत, आणि त्याने त्या नगरीत पाऊल ठेवले ती तारीखही.

७. हा वाडा मूरांनी, म्हणजे मुस्लिम राज्यकर्त्यांनी बांधला ना?

नाही, आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच. सेव्हिल १२४८ मध्ये कॅस्टिलच्या राजाच्या हाती गेले. वाड्याची पायाभरणी त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी झाली. तो बांधणारे ख्रिस्ती सरदार होते.

तरीही भिंतीवरचे चुन्यातले कोरीवकाम, तारकांच्या जाळीचे लाकडी छत आणि टाइल्सच्या भौमितिक आकृत्या पाहून इस्लामी कला आठवते, ती बरोबरच आठवते. या कामाला ‘मुदेहार’ म्हणतात. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ राहू दिलेला, ठेवून घेतलेला. ख्रिस्ती राज्यात राहिलेले मुस्लिम ते मुदेहार, आणि त्यांच्या परंपरेतून घडलेली कारागिरीही मुदेहार. सेव्हिलच्या धनवंतांना ही कारागिरी परक्यांची वाटत नव्हती. कॅस्टिलचा राजा पेद्रो याने १३६० च्या दशकात अल्काझारमधला, म्हणजे सेव्हिलच्या राजवाड्यातला, आपला महाल याच पद्धतीने बांधून घेतला होता, आणि तेव्हापासून उत्तम घर असेच दिसायचे. कारागीर कोण होते, त्यांचे काय झाले, हा वेगळा प्रश्न आहे. तो १८ वा.

८. मुख्य चौकात नेमके काय पाहावे?

आधी मधोमध न जाता एका कोपऱ्यात उभे राहा. चौक चौरस वाटतो, पण तो काटेकोर चौरस नाही, आणि कमानीही सगळ्या सारख्या रुंदीच्या नाहीत. एकदा हे दिसले की चौक जास्त आवडू लागतो. तो एका बैठकीत कागदावर आखलेला नाही. आधीच्या भिंती, आधीच्या खोल्या सांभाळत तो मोठा केला गेला.

आता खालून वर नजर न्या. खालच्या भिंतींवर टाइल्स, त्यांच्या वर चुन्यातले मुदेहार कोरीवकाम, कमानींना आधार जेनोआच्या संगमरवरी खांबांचा, आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावर गॉथिक जाळी. तीन परंपरा एका भिंतीत आहेत, आणि इथे त्या एकमेकींना ढकलत नाहीत. शैलीचे नाव एका शब्दात सांगा, असे विद्यार्थी विचारतात. एका शब्दात सांगता येणार नाही आणि तसा आग्रहही धरू नये. गिऱ्हाइकाला तिन्ही हवे होते आणि तिन्ही कारागीर उपलब्ध होते.

मध्यभागी जेनोआचे कारंजे, त्यावर दोन तोंडांचा रोमन देव जेनस. भिंतींतल्या गोल कोनाड्यांत २४ अर्धपुतळे: बहुतेक रोमन सम्राट, आणि त्यांच्या पंगतीत सम्राट पाचवा चार्ल्सही. चार कोपऱ्यांतल्या मोठ्या पुतळ्यांपैकी दोन अथेना देवीचे आहेत. हे पुतळे पुढच्या पिढीचे (प्रश्न ११).

९. टाइल्स इतक्या प्रसिद्ध का? त्या कशा केल्या?

संख्येने आणि विविधतेने. सुमारे दीडशे वेगवेगळे नमुने या एका घरात आहेत. १५३५ ते १५३८ या काळात दिएगो आणि हुआन पुलिदो या भावांनी ते काम केले. घराण्याच्या ढालचिन्हांपासून तारका, गुंफलेल्या पट्ट्या, इटालियन पानाफुलांपर्यंत सगळे आहे, आणि एका भिंतीवर नमुने शेजारीशेजारी लावलेले आहेत, गोधडीच्या तुकड्यांसारखे.

पद्धतीला स्पॅनिशमध्ये ‘कुएन्का’ म्हणतात, म्हणजे वाटी किंवा खोलगट भाग. ओल्या मातीच्या फरशीवर साचा दाबायचा. त्याने नक्षीच्या रेषा बारीक धारेसारख्या वर येतात आणि मधले भाग खोल होतात. त्या खोलगट भागांत वेगवेगळ्या रंगांचे काचेचे लेप भरायचे आणि भाजायचे. भट्टीत लेप वितळतात, पण उभी धार त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. हिरवा रंग तांब्यापासून, निळा कोबाल्टपासून, मधासारखा पिवळा लोखंडापासून, जांभळट काळा मँगनीजपासून, आणि पांढरा कथलापासून. त्याआधीच्या पद्धतीत रंगांमधली सीमा मँगनीज आणि चरबी यांच्या मिश्रणाने हाताने आखावी लागे. साच्यामुळे काम झपाट्याने होऊ लागले, आणि म्हणूनच एवढ्या भिंती भरता आल्या.

सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या उजेडात त्या धारा उठून दिसतात आणि सपाट वाटणारी भिंत एकदम खोल होते. हाताला मात्र आवर घाला.

१०. गोव्यातल्या अझुलेजोंशी, म्हणजे तिथल्या रंगीत टाइल्सशी, यांचे नाते आहे का?

आहे, पण मावसनाते. शब्द एकच, मूळ अरबी. स्पेनमध्ये त्याचा उच्चार ‘असुलेहो’च्या जवळ जातो. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगालमध्ये टाइल्स जात होत्या त्या सेव्हिलहूनच. सिंत्राचा राजवाडा आणि कोइंब्राचे जुने कॅथेड्रल इथे त्या लागल्या.

पणजीच्या इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेल्या टाइल्स आहेत. ती पद्धत निराळी. तिथे फरशी सपाट असते आणि ब्रशने तिच्यावर चित्र काढतात. हे सपाट रंगकाम इबेरियात आणले इटालियन फ्रान्सिस्को निकुलोसोने, तेही सेव्हिलमध्येच, १५०० च्या सुमारास. पोर्तुगालने पुढे ते आपलेसे केले, आणि चिनी पोर्सेलीन व डच टाइल्सच्या प्रभावाने निळ्या-पांढऱ्याकडे वळवले. तिथून ते गोव्याला आले. पिलातोसच्या चौकातल्या टाइल्स त्या वळणाच्या आधीच्या आहेत.

११. स्पेनच्या घरात एवढे रोमन पुतळे आले कुठून?

फाद्रिकेला औरस मूल नव्हते. वारसा पुतण्याकडे, पेर आफान दे रिबेराकडे गेला. तो अल्कालाचा पहिला ड्यूक झाला आणि १५५९ पासून १५७१ पर्यंत नेपल्समध्ये स्पेनच्या राजाचा व्हाइसरॉय होता. नेपल्सच्या आसपास जमीन खणली की प्राचीन अवशेष निघत, आणि रोमच्या बाजारात पुतळे विकत मिळत. त्याने ते पेट्या भरभरून सेव्हिलला पाठवले. मांडणीसाठी इटालियन वास्तुकार बेन्वेनुतो तोर्तेल्लो याला कामाला लावले. तोवर भाजीपाल्याची वाडी असलेल्या जागेची थोरली बाग झाली, तिच्या कडेला कमानींच्या ओसऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कोनाड्यांत पुतळे बसले. पुतळ्यांसाठी घराची रचना बदलणे ही त्या काळी स्पेनमध्ये नवी गोष्ट होती.

ज्याने हे सगळे जमवले त्याला ते मांडलेले पाहायला मिळाले नाही. १५७१ मध्ये पेर आफान नेपल्समध्येच वारला.

१२. रोमन सम्राट ट्राजनच्या अस्थी या बागेत सांडल्या, हे खरे का?

ही दंतकथा आहे. ती अशी: पोप पाचवा पायस याने पेर आफानला ट्राजनच्या रक्षेचा कलश भेट दिला. ट्राजन जन्मला सेव्हिलशेजारच्या इतालिका नगरात, म्हणून ही भेट खास. एका नोकराने कलश उघडला, आत नुसती माती दिसली, आणि त्याने ती बागेत ओतून दिली. ट्राजनची रक्षा रोममध्ये त्याच्या स्तंभाच्या पायथ्याशी ठेवली होती, एवढे इतिहासाला ठाऊक आहे. कथा म्हणून मात्र ती जपावी. इतालिकाचा मुलगा दीड हजार वर्षांनी आपल्या गावच्या मातीत परत आला, ही सेव्हिलकरांची इच्छा तिच्यात दिसते.

१३. जिना आणि वरचा मजला पाहता येतो का? त्यात विशेष काय?

तळमजला आणि बागा आपल्या आपण पाहता येतात. वरच्या मजल्यावर मात्र ठरावीक वेळी वाटाड्याबरोबरच नेतात, म्हणून तिकीट काढतानाच वरच्या फेरीची वेळ विचारून घ्या. एरवी जिन्यावरून परत फिरावे लागते. दीड-दोन तास हाताशी ठेवा.

जिना चुकवू नये. तोवर सेव्हिलमधले जिने अरुंद, कोपऱ्यात दडलेले असत. इथे जिना हे एक दालनच आहे: भिंती टाइल्सनी मढवलेल्या, आणि माथ्यावर १५३७ चा सोनेरी लाकडी घुमट. सुतार त्याला ‘अर्धी नारंगी’ म्हणत. दोन मजल्यांचा उपयोग ऋतूप्रमाणे ठरे. सेव्हिलच्या उन्हाळ्यात बिऱ्हाड खाली, जाड भिंतींच्या गारव्यात. हिवाळ्यात वर, उन्हात.

वर एक दालन तिसऱ्या ड्यूकचे आहे. फर्नांदो एन्रिकेस दे रिबेरा हा पेर आफानच्या भावाचा नातू, पुस्तकांचा आणि चित्रांचा वेडा. वीस वर्षांचा असताना त्याने छतासाठी फ्रान्सिस्को पाचेकोकडून हर्क्युलीसच्या स्वर्गारोहणाचे चित्र करवून घेतले. ते १६०४ मध्ये पुरे झाले. पाचेको म्हणजे पुढे विख्यात चित्रकार वेलाझकेझचा गुरू आणि सासरा. त्याच छतात ग्रीक पुराणातले, उंच उडून कोसळणारे इकारस आणि फेथॉनही आहेत. कोवळ्या सरदाराच्या डोक्यावर रोज तो इशारा टांगलेला असे.

१४. चित्रकार होसे दे रिबेरा याच घराण्यातला का?

नाही, आडनाव तेवढे सारखे. चित्रकार वालेन्सियाजवळच्या हातिवा गावचा, चांभाराचा मुलगा. गाठ पडली ती नेपल्समध्ये. तिसरा ड्यूक तिथे व्हाइसरॉय असताना १६३१ मध्ये त्याने रिबेराकडून दाढी असलेल्या माग्दालेना वेन्तुरा या स्त्रीचे, तिच्या नवऱ्यासह आणि तान्ह्या बाळासह चित्र काढवले. ते आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात पाहता येते. बाईच्या चेहऱ्यावरचा शांतपणा मी विसरू शकलेलो नाही.

१५. आज वाडा कोणाचा? कोणी राहते का?

तिसरा ड्यूक १६३७ मध्ये वारला आणि काही वर्षांत लग्नसंबंधातून वारसा मेदिनासेलीच्या ड्यूक घराण्याकडे गेला. त्या घराण्याचे बिऱ्हाड पुढे राजदरबाराजवळ, माद्रिदला. त्यामुळे सेव्हिलचे घर दीर्घकाळ मागे पडले. मला वाटते त्यामुळेच ते वाचलेही: धनी दूर असल्याने फॅशनप्रमाणे पाडापाडी झाली नाही.

१९३१ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९७८ मध्ये स्थापन झालेले मेदिनासेली घराण्याचे प्रतिष्ठान आता त्याची देखभाल करते. तोलेदोचे तावेरा रुग्णालयही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे. अठरावी डचेस व्हिक्तोरिया एउहेनिया याच वाड्यात राहत होत्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी इथेच वारल्या.

१६. दुएन्यासचा वाडा आणि हा, एकच का? दोन्हींपैकी कोणता पाहावा?

वेगळे, पण भावंडे. कातालिनाने १४९६ मध्ये धाकट्या फर्नांदोसाठी घेतलेला तो दुएन्यासचा वाडा. पुढे तो आल्बा घराण्याकडे गेला. कवी आंतोनियो माचादो १८७५ मध्ये तिथे जन्मला. २०१६ पासून तोही सर्वांना खुला आहे. एकच पाहायचा तर पिलातोस. बाग आणि राहत्या घराचा ओलावा हवा असेल तर दुएन्यास.

१७. वाड्यापासून क्रूसापर्यंत बरोबर १३२१ पावले, जेरुसलेममध्ये होती तेवढीच. हे मोजून पाहिले तर जमत का नाही?

कारण मार्ग बदलला आहे. आज सांगितला जातो तो शेवट, शहराबाहेरचा ‘क्रूस देल काम्पो’चा मंडप, १४८२ चा, म्हणजे वाड्याहूनही जुना. पण फाद्रिकेच्या वेळी मिरवणूक तिथवर जात नव्हती, अलीकडेच थांबे. १६३० मध्ये ती मंडपापर्यंत लांबवली. म्हणजे आकडा एका मार्गाचा आणि आपण चालतो दुसऱ्यावर. शिवाय क्रूसाच्या वाटेचे चौदा थांबे कायमचे ठरले ते १७३१ मध्ये. त्याआधी त्यांची संख्या ठिकाणोठिकाणी बदलत असे.

मग पावले कशाला? फाद्रिकेसारख्या यात्रेकरूंना अंतर मोजून घरी नेणे हीच यात्रेची आठवण वाटे. ज्यांना जहाजाचे भाडे परवडणार नाही त्यांना आपल्या गल्लीत तेवढेच चालता यावे, यासाठी. सेव्हिलच्या पवित्र सप्ताहातल्या मिरवणुकांचे एक मूळ याच उपासनेत सापडते असे मानतात.

वाड्यातल्या फटक्यांच्या शिक्षेच्या प्रार्थनाघरात एक स्तंभ आहे, तीही अशीच आठवण. येशूला बांधून फटके मारले तो मूळ स्तंभ म्हणून पूजला जाणारा खांब रोममध्ये सांता प्रासेदे चर्चमध्ये आहे. इथला त्याची प्रतिकृती.

१८. मुदेहार काम करणारे कारागीर मुस्लिम होते का? त्यांचे पुढे काय झाले?

वाड्याची पहिली वीस वर्षे आणि नंतरची वर्षे वेगळी धरावी लागतात. १४८३ मध्ये कॅस्टिलच्या राज्यात मुस्लिम म्हणून राहता येत होते. १५०२ मध्ये हुकूम निघाला: बाप्तिस्मा घ्या किंवा देश सोडा. त्यामुळे १५३० च्या दशकात चौकाचे चुनाकाम आणि टाइल्स झाल्या तेव्हा कागदोपत्री सगळेच कारागीर ख्रिस्ती होते. तोवर ही कला धर्माची खूण उरली नव्हती, सेव्हिलच्या गवंड्यांची आणि कुंभारांची रोजची विद्या झाली होती. म्हणून चौकातल्या एखाद्या नक्षीकडे बोट दाखवून ‘हे मुस्लिमाने केले’ असे म्हणता येत नाही. विद्या कोणाची, एवढेच सांगता येते.

बाप्तिस्मा घेतलेल्या त्या कुटुंबांना मोरिस्को म्हणत. १६०९ पासून त्यांनाही देशाबाहेर काढले, सुमारे तीन लाख माणसांना. या हद्दपारीसाठी राजाकडे वर्षानुवर्षे आग्रह धरणाऱ्यांमध्ये वालेन्सियाचे आर्चबिशप हुआन दे रिबेरा पुढे होते. १९६० मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले. ते सेव्हिलमध्ये १५३२ साली जन्मले, आणि ते पेर आफानचे अनौरस पुत्र. ते तीन वर्षांचे असताना पुलिदो बंधूंच्या टाइल्स आजोबांच्या भावाच्या या चौकात भिंतींवर चढत होत्या.